गुरुवारचे तात्या

सोमवार, ३ नोव्हेंबर. भवानीनगर, पहाटे

आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही, त्यामुळं खरं लिहायला हरकत नाही.

निर्णय पक्का. कादंबरी लिहायची, आणि त्यासाठी शहरात जायचं. एकट्यानं. इथं राहून मोठं लेखन होणं शक्य नाही. हंगाम सुरू झालाय. कारखान्याचा भोंगा, मळीचा वास, दारावरून उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रॅक्टरवर लावलेली गाणी. शिवाय दुकान. 'छकुली डिजिटल फ्लेक्स' चालवता चालवता माझ्या हातून दोनच प्रकारचं साहित्य झालं: वाढदिवस आणि भावपूर्ण श्रद्धांजली. दोन्हींत माणूस मनमिळाऊच निघतो.

मोठा लेखक अनोळखी गर्दीत हरवून जातो आणि मग त्याला सुचतं. कुठं हरवायचं हा प्रश्न होता. मुंबईवर फार लोकांनी लिहून ठेवलंय. पुण्यात साडू राहतो, तिथं एकांत मिळणार नाही. म्हणून बारामती. लोक हसतील. हसू देत. मॉल आहे, विमानतळ आहे, सिग्नल आहेत. सिग्नलला माणूस थांबला की शहर मोठं झालं समजावं.

दुकान छकुलीच्या आईवर सोपवलं. तिनं विचारलं, "किती दिवस?" म्हटलं, इन्स्पिरेशनवर आहे. ती म्हणाली, "तात्यांचा फ्लेक्स करून जावा."

तात्या म्हणजे माझे वडील. २३ तारखेला वर्षश्राद्ध. फोटो आहे, नाव आहे, खाली दोन ओळी लिहायच्या बाकी आहेत. अख्ख्या तालुक्याच्या मयतांना मी ओळी लिहिल्या, घरच्याला काय लागतंय? बारामतीत मूड लागला की बसल्याबसल्या होईल. माझ्या जाण्याचा आणि त्या फ्लेक्सचा काही संबंध नाही.

त्याच दिवशी. बारामती, दुपार

एसटीत शेजारच्या अंथुर्णे गावचे तिघं भेटले. एकाला दाताचा डॉक्टर, एकाला एक्स-रे, एकाला मुलीचं ॲडमिशन. तिघांनीही विचारलं, "दवाखान्यात निघालाय का?" खांद्याला खादीची झोळी लावली होती, त्यामुळं वाटलं असेल. एकांत बसमधून उतरल्यावर सुरू.

स्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. मॅनेजर म्हणाला, "भवानीनगरचे ना? आमच्या मेव्हण्याच्या पोराच्या बारशाचा बोर्ड तुमीच केला होता." खिडकीतून कालवा दिसतो. पाणी बघत बसलो. काही सुचलं नाही. पहिल्या दिवशी सुचूही नये.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी भटकंती. तीन हत्ती चौक, तिथून मंडई. अनोळखी गर्दीत मिसळायचा प्रयत्न. आमच्या गावचे माजी सरपंच भेटले. त्यांच्या नातवाचा वाढदिवस आहे. उभ्याउभ्या चार ओळी सांगितल्या, त्यांना आवडल्या. आजचं लेखन: चार ओळी.

मग मंडईत एक प्रकार झाला. भाजीवालीपुढं एक म्हातारी मेथी निवडत बसली होती. चेहरा ओळखीचा. नकोशीबाई, अंथुर्ण्याच्या. हाक मारणार होतो, तेवढ्यात आठवलं की त्या गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात वारल्या. श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला. त्यांच्या हनुवटीवर मोठी चामखीळ होती. मुलगा म्हणाला, काढा, बरी दिसत नाही. मी काढली. रंगही जरा उजळ केला.

मंडईतल्या म्हातारीला चामखीळ नव्हती. म्हणजे ती नकोशीबाई नव्हती, हे उघड आहे. पण रंग उजळ होता. अगदी मी केला होता तेवढा.

म्हातारीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि हनुवटीवरून हात फिरवला. मी मेथीची जुडी घेऊन निघालो. लॉजवर मेथीचं काय करायचं ते ठरायचं आहे.

चष्म्याचा नंबर वाढला असावा. कादंबरीला मात्र उपयोगी.

बुधवार, ५ नोव्हेंबर

चष्म्याच्या दुकानात गेलो. नंबर तोच निघाला. दुकानदार म्हणाला, "जवळचं बघायची सवय झालीय तुमच्या डोळ्यांना." बरोबर. मेलेल्या माणसाचा चेहरा स्क्रीनभर मोठा करून त्याची एकेक सुरकुती घासतो मी. त्याच्या बायकोनंही तो इतक्या जवळून बघितलेला नसतो.

दुपारी भिगवण रोडच्या सिग्नलला मानसिंग उभा. मानसिंग आमच्या शेजारच्या वस्तीवरचा, दोन वर्षांपूर्वी विहिरीत पडून गेला. घरी फोटो एकच होता, बनियनवरचा. मी नेटवरून निळा कोट आणि टाय काढून त्याला चढवला. मान किंचित तिरकी बसली होती. घाई होती, तसाच छापला.

सिग्नलवरच्या माणसाच्या अंगात निळा कोट. एवढ्या उन्हात. मान तिरकी. तो टायच्या गाठीत बोट घालून गळा सैल करत होता.

सिग्नल सुटला, तो चालू लागला. मीही मागून गेलो, पण मधे बस आली. घाबरलो नाही. लेखकानं पात्राचा पाठलाग करायचाच असतो. मग लॉजवर येऊन दाराला आतून कडी लावली, ती डासांसाठी.

छकुलीचा मेसेज: "पप्पा किती पानं झाली?" उत्तर दिलं: "रिसर्च चालू आहे." तिनं अंगठा पाठवला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज बाजाराचा दिवस. गर्दी भरपूर. ठरवलं होतं, आज पहिलं प्रकरण. वही झोळीत, पेन खिशाला.

स्टँडवर पुन्हा निळा कोट दिसला. बाजाराच्या पिशव्यांमधून सावकाश चालला होता. या वेळी सोडायचा नाही म्हणून मागं लागलो. फलाटांच्या कडेनं, रसवंतीच्या मागनं, एका चहाच्या टपरीपर्यंत. तिथं तो नव्हता. टपरीपुढं बाकडं होतं, त्यावर टेकलो. चहा प्यावासाच वाटत होता.

चहावाला म्हातारा. मी बशीत चहा ओतला आणि त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तुमी सावळारामतात्यांचं कोण?"

म्हटलं, "मुलगा. तुम्ही कसं ओळखलंत?"

"बशी धरायची रीत. तळहातावर अशी ठेवून कोण पितंय आता?" त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. नाव आबाजी. म्हणाला, तात्या दर गुरुवारी यायचे. याच बाकड्यावर बसायचे. "काय बोलायचे वो! हसून हसून पोट दुखायचं. हमाल, ड्रायव्हर, समदी थांबायची. गाडी चुकली तरी चालंल, पर गोष्ट पुरी होऊ द्या म्हनायची."

मी म्हटलं, माणूस चुकतोय तुमचा. आमचे तात्या बोलत नसत. घरी दिवसाकाठी चार-दोन शब्द: व्हय, न्हाय, वाढ, बास. गुरुवारी बाजाराला जायचे ते खरं. येताना पिशवीत कांदे आणायचे. घरचे कांदे असले तरी.

आबाजी म्हणाला, "त्येच. कांदं घ्यायचं लक्षात ठेवा म्हनून मीच आठवन करायचो." मग त्यानं विचारलं, "गेल्या सालच्या दिवाळीपास्नं दिसलं न्हाईत. बरं हायेत न्हवं?"

इथं मी म्हणालो, "गुडघे दुखतात. थंडी सरली की येतील."

का म्हणालो, त्याची कारणं: एक, त्याच्या हातात उकळतं पातेलं होतं. दोन, धंद्याच्या वेळी माणसाला असली बातमी देऊ नये. बाकीची आठवली की लिहीन.

आबाजी म्हणाला, "त्यास्नी म्हनावं, गोष्टीचा शेवट राहिलाय. फुडल्या गुरुवारी सांगतो म्हनून गेलं ते गेलंच. आमी वाट बघतोय."

पहिलं प्रकरण झालं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

टपरीकडं जायचं नाही असं ठरवलं. त्या गोष्टीशी माझ्या कादंबरीचा संबंध नाही. एमआयडीसीत फिरलो. कंपन्यांच्या भिंती लांबलचक, माणूस एक दिसत नाही. एकाकीपण उत्तम. पण सुचत काहीच नव्हतं. एका गेटवरच्या वॉचमननं विचारलं, कुणाला भेटायचंय? म्हटलं, कुणालाच नाही. तो म्हणाला, मग हितं कशाला हिंडताय?

प्रश्न वहीत उतरवून घेतला.

मेथी वाळली. मॅनेजरला दिली. त्यानं काय केलं, विचारलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

दादाचा फोन. दादा म्हणजे थोरला भाऊ विजयसिंह, शेती तोच बघतो. "फ्लेक्सचं काय?" म्हटलं, ओळी घोळतायत. दादा म्हणाला, "कसल्या ओळी? कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ टाक की. समद्यांना टाकतोस."

फोन ठेवल्यावर लॅपटॉप उघडला. तात्यांचा फोटो बैलपोळ्याचा. टोपी, अर्धे मिटलेले डोळे. मोठा केला. कष्टाळू? फार नव्हते, बांधावर बसायला आवडायचं. प्रेमळ? कुणाला ठाऊक. मनमिळाऊ माणूस तर बारामतीच्या स्टँडवर होता, घरी नव्हता.

आणखी एक नोंद. गेले काही दिवस शहरात माझ्या फ्लेक्सवरचे मयत दिसतायत. कालव्याच्या कठड्यावर एक, औषधांच्या दुकानात दोघी. सगळे गोरे, डाग नसलेले. मी केलेलेच तेवढे दिसतात. ज्यांचं अजून केलं नाही ते दिसत नाहीत.

हे वाक्य कादंबरीत चालेल. लॅपटॉप बंद केला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

टपरीवर गेलो. केवळ निरीक्षणासाठी.

बाकड्यावर जोतीराम नावाचे गृहस्थ होते. पूर्वी एसटीत कंडक्टर. तात्यांचे गुरुवारचे दोस्त. आबाजीनं ओळख करून दिली आणि जोतीरामांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "लेका, तुझा बा म्हंजी निस्ता खजिना हाय."

हाय. 'हुता' नव्हे. मी चहा मागितला.

म्हटलं, कोणती गोष्ट अर्धी राहिलीय? जोतीराम म्हणाले, "ती फ्लेक्सवाल्याची! एक असतो फ्लेक्सवाला. मेलेल्या मानसास्नी कोट घालतो. जन्मभर ज्यानं धोतर नेसलं त्याला टाय लावतो. मग ती मेलेली मानसं रातच्याला त्याच्याकडं रांग लावत्यात. येक म्हनतंय, गळा आवळतुया. दुसरं म्हनतंय, माझी चामखीळ कुठं ठेवलीस, माझी सासू वळखंना मला वर!"

आबाजी हसता हसता खोकायला लागला. माझं दुकान, माझी गिऱ्हाइकं, आणि हा माणूस दर आठवड्याला स्टँडवर माझी गोष्ट करून सांगत होता. घरी येऊन माझ्याशेजारी जेवायला बसायचा आणि म्हणायचा, "वाढ. बास."

विचारलं, शेवट काय होतो? जोतीराम म्हणाले, "दर खेपेला नवा असायचा." म्हटलं, एक तरी सांगा. दोघांनी डोकं खाजवलं. जोतीराम म्हणाले, रांग वाढत वाढत कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत जाते. आबाजी म्हणाला, तसं न्हाई, फ्लेक्सवाला कात्री घेऊन समद्यांचं कोट उसवतो. मग दोघांचं भांडण लागलं. "लय हासलो होतो येवढं आठवतंय," आबाजी म्हणाला. "शेवटचा शेवट मातुर त्यांनी सांगितलाच न्हाई. फुडल्या गुरुवारी म्हनले."

मग जोतीरामांनी चष्मा पुसला आणि सहज म्हणाले, "मानूस मोठा. तुझी आई गेल्यावर बी हसत ऱ्हायला."

मी म्हटलं, "काय?"

"न्हाय, तात्या सांगायचे न्हवं. मंडळी लवकर गेली म्हनून. डोळं भरायचं त्यांचं."

माझी आई, ठमाबाई, सकाळीच मला फोन करून विचारत होती, जेवलास का.

मी मान हलवली. म्हणजे होय म्हणालो. अशा रीतीनं आज बारामती बसस्थानकावर तात्या जिवंत आणि आई मयत, असं माझ्याकडूनही कायम झालं.

शनिवार, १५ नोव्हेंबर. भवानीनगर

परत आलो. इन्स्पिरेशन भरपूर मिळालं, आता ते मुरू द्यायचं. पानं एकही नाही. झोळी छकुलीनं शाळेच्या प्रोजेक्टला नेली.

आई अंगणात वाटाणे सोलत होती. तिच्याकडं बघवेना. तिनं विचारलं, "असं का बघतोस? मी मेलीय का?"

तिची बोलायची पद्धत आहे. नेहमीची.

शनिवार, २२ नोव्हेंबर

फ्लेक्स झाला. मी नाही केला. दुकानात गेलो तर छकुलीच्या आईनं प्रिंट काढून ठेवलेला. टोपीतला फोटो, जसा आहे तसा. नाव, तारीख. खाली ओळी नाहीत. विचारलं, मजकूर? ती म्हणाली, "सुचला न्हाई तर न्हाई. मोकळंच बरं दिसतंय."

व्यावसायिकदृष्ट्या चूक आहे. खाली जागा फार सुटलीय. पण ठेवला.

उद्या जेवणापूर्वी मी चार शब्द बोलणार. तयारी पूर्ण. माणसाच्या अबोलपणातली श्रीमंती, असा विषय.

रविवार, २३ नोव्हेंबर

मांडव, पंगती, पै-पाहुणे. दादानं माइक दिला. "तात्या अबोल होते," इथपर्यंत ठरल्याप्रमाणं झालं. मग फोटोकडं लक्ष गेलं, आणि तोंडातून निघालं, "अबोल नव्हते. दर गुरुवारी बारामतीच्या स्टँडवर आबाजीच्या टपरीवर बसून गोष्टी सांगायचे. माणसं गाड्या सोडायची."

लोक हसले. त्यांना विनोद वाटला. दादानं माझ्याकडं रागानं बघितलं आणि माइक घेतला. "पंगतीला बसून घ्या."

आई बायकांच्यात बसली होती. तिच्या हातात पत्रावळ होती, ती तशीच राहिली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी आई दुकानात आली. ती दुकानात कधी येत नाही. स्टुलावर बसली. खरं हाय का, म्हणून विचारलं. म्हटलं, होय.

मशीनमधून कुणाचा तरी वाढदिवस बाहेर येत होता.

"मला वाटायचं, ह्यांना बोलायचं येतच न्हाई," ती म्हणाली. "मी आपली येकटीच बोलायची. भाकरी थापताना, भांडी घासताना. भिंतीशी बोलल्यागत. म्हनायची, असतंय येकेकाचं. आन तितं मानसं गाड्या सोडायची?"

मी सांगायचा प्रयत्न केला की कलावंताला प्रेक्षक लागतो. ती म्हणाली, "गुरवारी मला घिऊन चल."

नाही म्हणायची कारणं दिली: बसला गर्दी, थंडी, टपरीवर सगळे पुरुष. तिनं एकही ऐकलं नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

प्लॅन तयार. आईला आधीच सांगायचं की तिथं 'मावशी' म्हणून ओळख करून देणार, कारण स्टँडवरच्या लोकांना नावं सांगणं बरं नसतं. आबाजीला बोलू द्यायचं नाही. एक चहा, आणि परतीची गाडी. सगळं माझ्या कंट्रोलमध्ये राहील.

दुपारी आईला सांगितलं. "मावशी कशापायी?" म्हणाली. उत्तर दिलं, पण ते आता आठवत नाही. चांगलं नसावं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आईनं अबोली रंगाचं लुगडं नेसलं, घडीतलं. बसमध्ये खिडकीशी बसली.

आबाजीनं लांबूनच ओळखलं. बाकडं पुसलं. मी घाईनं म्हणालो, ही आमची मावशी, आणि दोन चहा. तेवढ्यात आबाजीनं विचारलंच.

"तात्यांचं गुडघं कसं हायेत?"

मी आईकडं बघितलं नाही. रसवंतीवाल्याचं घुंगरू वाजत होतं तिकडं बघत राहिलो. प्लॅनमध्ये हे नव्हतं.

आईनं पदर सारखा केला. माझ्याकडं एकदा बघितलं, मग आबाजीकडं.

"दुखत्यात अजून," ती म्हणाली. "जिना चढवत न्हाई."

आमच्या घराला जिना नाही.

आबाजी म्हणाला, तेल लावा म्हनावं. आई म्हणाली, लावते... लावत्यात. मग चहा आला. तिनं बशीत ओतला, फुंकर मारली आणि विचारलं, "आमची भन गेल्यापास्नं येत्यात का हितं?"

माझ्या हातातला चहा सांडला. मावशी म्हणायची तर आई मयत असणार, हा हिशेब तिनं केव्हाच लावला होता.

आबाजी खुलला. "व्हय मावशी. पयल्या दिशीच मी इचारलं, घरी बी बोलता का येवढं? तर म्हनले, कुनाशी बोलू, मंडळी गेली. तिच्या गोष्टी बी लय सांगायचे. खुरपायला बसली की गानं म्हनायची, शेजारच्या रानातल्या बाया हात थांबवायच्या. हुलग्याचं माडगं तिच्यासारखं कुनाला जमायचं न्हाई. आन नाकात हसायची म्हनं, मांजर शिंकल्यागत."

"मांजर?" आई म्हणाली.

"तसं करून दाखवायचे की! आमी हसायचो, आन मग त्येच गप हुयाचे."

"कशानं गेली म्हनले?"

"ते कधी सांगितलं न्हाई. इचारलं की म्हनायचे, ती असती तर मी हितं कशाला आलो असतो बोलायला?"

आई बशीकडं बघत राहिली. मला वाटलं ती उठेल, किंवा रडेल, किंवा मला मारेल. सगळ्यांसाठी तयार होतो. ती ज्या वेळी घरी चुलीपुढं बसून भिंतीशी बोलत होती, त्या वेळी इथं या बाकड्यावर तिला आठवून एक माणूस रडत होता आणि संध्याकाळी कांदे घेऊन तिच्याकडंच जात होता. हे तिला कळलं ते मला तिच्या हातावरून कळलं. ती बोटानं बशीची कडा पुन्हा पुन्हा पुसत होती.

"चांगली हुती म्हनायची," ती शेवटी म्हणाली.

"सोन्यासारखी," आबाजी म्हणाला. "तुमी तर भन. तुमाला म्हाईतच आसंल."

"न्हाई वो," आई म्हणाली. "आमाला कुनी सांगितलंच न्हाई."

मग तिनं अजून एक चहा मागितला.

जोतीराम आले. पुन्हा फ्लेक्सवाल्याची गोष्ट. आई पुढं सरकून ऐकत होती. गोष्ट चामखिळीशी आली आणि आई नाकातून फुस्सकन हसली. आबाजीनं चमकून तिच्याकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला. "भनीभनीचं सारखं असतंय," ती म्हणाली.

आबाजीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. थोड्या वेळानं पातेल्यात दूध ओतायला वळला.

निघताना म्हणाला, तात्याला सांगा, शेवट राहिलाय. आई म्हणाली, सांगते.

बसमध्ये मी म्हटलं, आई, मी तुला सांगणार होतो. तिनं खिडकीबाहेर बघत म्हटलं, "गप बस जरा."

शहरात पाय टाकल्यापासून आज पहिल्यांदा फ्लेक्सवरचं कुणी दिसलं नाही. कदाचित मी बघितलं नसेल.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

कादंबरी सुरू करायला आजच्याइतका चांगला दिवस नाही. सगळं मटेरिअल हातात आहे. बसलो. पहिलं वाक्य: 'तात्या अबोल होते.' खोडलं. 'तात्या बोलके होते.' खोडलं. 'माझी आई' एवढं लिहिलं आणि पुढं काय लिहावं ते कळेना.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत होता. भाकरी थापताना बोलत होती. नेहमी तक्रारी असतात: सुनेच्या, उसाच्या, कुत्र्याच्या. आज ती मधेमधे थांबत होती, कुणी उत्तर देत असल्यासारखी. दारापर्यंत गेलो, आत गेलो नाही. ऐकायला नाही गेलो. पाणी हवं होतं.

मंगळवार, २ डिसेंबर

नवा संकल्प: गुरुवारी आईला घेऊन पुन्हा बारामतीला जायचं. आबाजीला शांतपणे, टप्प्याटप्प्यानं खरं सांगायचं. आधी मावशी नव्हे आई, मग तात्यांचं. माणसाला किती दिवस आशेवर ठेवायचं? शब्द माझा व्यवसाय आहे. हे मीच नीट करू शकतो.

आईला अजून बोललो नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

सकाळी लवकर तयार झालो. इस्त्रीचा शर्ट. बाहेर आलो तर आई पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेलेली.

म्हटलं, थांब, मीही येतोय. ती म्हणाली, "तू नगं."

का, विचारलं. तात्यांचा मुलगा आहे मी. लेखक आहे.

"आबाजी त्यांच्या तब्येतीचं तुला इचारतो," ती म्हणाली, "आन तुला खोटं नीट बोलता येत न्हाई."

एसटी आली. चढताना तिनं कुणाचा हात घेतला नाही.

दिवसभर दुकानात होतो. एक वाढदिवस, एक नियुक्तीचं अभिनंदन. छकुलीनं शाळेतून आल्यावर विचारलं, कादंबरीचं नाव ठरलं का? म्हटलं, नाव सगळ्यात शेवटी ठरवतात.

संध्याकाळी आई उतरली. दुकानाच्या पायरीवर टेकली, तांब्याभर पाणी प्याली. चेहरा उन्हानं लाल. मी माउस हातात घेऊन विचारलं, मग? काय सांगितलंस त्यांना?

"उतार हाय म्हटलं," ती म्हणाली. "काठी घिऊन अंगनात फिरत्यात. बोलत्यात बी आता, म्हटलं. लय बोलत्यात."

म्हटलं, आई, असं किती दिवस चालणार?

ती उठली, पायरीवरची धूळ झटकली.

"तू तुझं काम कर," म्हणाली.

केलं.